शेवटचा रकाना

आमच्या मास्तरांना अकराव्या शतकानंतरचं काही सांगायला गेलं, की ते उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसत म्हणायचे, "हे फार अलीकडचं झालं हो." पानिपत त्यांच्या लेखी अलीकडचं होतं, आगबोट अलीकडची होती, आणि शाळेत नवा आलेला मी तर इतका अलीकडचा, की पहिली दोन वर्षं त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. मी चित्रकला शिकवायचो. ते मला "अहो ड्रॉइंग" म्हणत. पुढे नाव कळलं तरी हाक तीच राहिली.

शाळेत ते संस्कृत शिकवत, पण ते पोटासाठी. त्यांचा खरा जीव स्लाव्ह भाषांच्या इतिहासात होता. रशियन, पोलिश, झेक, बल्गार ह्या सगळ्या भाषा एका जुन्या भाषेतून फुटल्या, असं ते मला पहिल्यांदा समजावत होते तेव्हा आम्ही मांडवीच्या समुद्रकाठी वाळूत बसलो होतो. ती जुनी भाषा कशी होती, तिच्यातला कुठला स्वर कधी मेला आणि मरताना कोणाच्या तोंडात काय ठेवून गेला, हे शोधून काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. दिलं कोणीच नव्हतं. रत्नागिरीत ह्या विषयाचे जाणकार एकूण एक होते, आणि मुंबईपर्यंत चौकशी केली तरी तो आकडा वाढत नव्हता.

"पण ह्याच भाषा का, मास्तर?" मी विचारलं.

तर म्हणाले, तरुणपणी त्यांना पुण्याच्या रद्दीत एक जर्मन व्याकरण सापडलं. त्यात कोष्टकं होती. पहिला रकाना संस्कृतचा, दुसरा ग्रीक, तिसरा लॅटिन आणि अगदी कडेला चौथा, स्लाव्ह. "पहिले तीन सगळे वाचतात. शेवटचा रकाना कोणी वाचत नाही. त्याने काय करायचं, सांगा बघू?" हे ते अशा सुरात म्हणाले, की जणू कोणी नातलग दवाखान्यात पडला आहे आणि घरचे भेटायला जात नाहीत. त्या दयेपोटी त्यांची तीस वर्षं गेली.

रत्नागिरीच्या झाडगाव भागातलं त्यांचं घर लहान होतं आणि माळा मोठा. माळ्यावर आंब्याच्या पेट्या होत्या, पण आत आंबे नव्हते. मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या चिठ्ठ्या होत्या, एका चिठ्ठीवर एक शब्द. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, दर एप्रिलात जिन्याच्या खालून ओरडायच्या, "अहो, माहेरी आंबे पाठवायचेत, दोन पेट्या रिकाम्या करा!" आणि वरून उत्तर यायचं, "क आणि ग सोडून मागा." शेवटी काकू शेजारून पेट्या आणत. माहेरी गेल्या की सांगत, "ह्यांनी घरात चौदा सवती आणून ठेवल्यात, सगळ्या पेटीत."

आता एवढ्या चिठ्ठ्यांना शब्द कुठून यायचे? ग्रंथ महाग, आणि यायला तीन महिने. तर ते येत बाजारपेठेतल्या कासाराच्या दुकानातून. हे ऐकून हसू नका. त्या काळी काचेच्या बांगड्या बोहेमियातून, म्हणजे झेक लोकांच्या मुलखातून यायच्या. लाकडी पेट्या, आत पेंढा, आणि पेंढ्याच्या आत बांगड्यांभोवती तिकडची जुनी वर्तमानपत्रं गुंडाळलेली. कासाराने पेटी फोडली की त्याच्या दृष्टीने माल बाहेर यायचा आणि कचरा उरायचा. मास्तरांच्या दृष्टीने ते नेमकं उलट होतं.

त्यामुळे नवी पेटी आली की काळा कोट, पगडी अशा थाटात आमचे मास्तर बायकांच्या गर्दीत कासाराच्या ओट्यावर जाऊन बसत. बायका हात पुढे करून बांगड्या भरून घेत, आणि मास्तर मांडीवर चुरगळलेले कागद घेऊन उलगडत. गावात व्हायची ती चर्चा झाली. हेडमास्तरांनी एकदा बोलावून समजही दिली. पण कासार त्यांना मानायचा. "वायच बसा मास्तर," तो म्हणायचा, "पेटी आत्ताच फोडलीय. कागदाला कोणाचा हात नाय लागलेला." मास्तर फुकट काही घेणारे नव्हते. कागदाच्या बदल्यात दर पेटीमागे काकूंसाठी डझनभर बांगड्या घ्यायचे. काकूंचे हात कोपरापर्यंत हिरवे-तांबडे झाले होते आणि भाकरी थापताना सगळ्या आळीला कळायचं. घरी आलेले कागद काकू पाण्याचा हात लावून सपाट करत आणि आपल्या गादीखाली घालत. तीन रात्री त्यावर झोपल्या, की कागद माळ्यावर जायचा.

एकदा फौजदार घरी आला. रशियात क्रांती झाली होती आणि झाडगावात रशियनसारखी अक्षरं काढणारा माणूस आहे अशी खबर वर गेली होती. फौजदाराने चौदाही पेट्या उघडून पाहिल्या, एक चिठ्ठी उलटीसुलटी केली. मागच्या बाजूला कोणा मुलाने 'देव' शब्द चुकीचा चालवला होता.

"रशियात सध्या काय चाललंय, ते तुम्हाला ठाऊक आहे ना?" त्याने दरडावून विचारलं.

"बाराव्या शतकापासूनचं काही ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "का? विशेष काही?"

फौजदाराने अहवालात काय लिहिलं कोण जाणे. पुढे कित्येक महिने एक साध्या वेशातला शिपाई त्यांच्या मागून फिरायचा, आणि मास्तर कासाराकडे बसले की तोही बसायचा. त्याच्या बायकोलाही त्या वर्षी बऱ्याच बांगड्या मिळाल्या असं म्हणतात.

खरं सांगायचं तर मास्तरांसारखा खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि तो सोसायला फार जड होता. "दोन मिनिटांत येतो" म्हणून पाच मिनिटांनी येणाऱ्या मुलाला ते उरलेली तीन मिनिटं उभं करत. असा माणूस जन्मात एकदाच खोटं बोलला, आणि त्या खोट्याला मी हातभार लावला.

झालं असं. मास्तरांनी इंग्रजीत लेख लिहून प्रागच्या एका नियतकालिकाला पाठवला. जुनी अक्षरं माझ्या हातची, कारण मास्तरांचं अक्षर त्यांना स्वतःलाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. ते पाटीवर अक्षराची आकृती काढून दाखवत, मी बोरूने सुबक उतरवत असे. काय उतरवतोय ह्याची मी कधी चौकशी केली नाही. लेख परत आला. दुसरा पाठवला, तोही आला. 'शाळामास्तर, रत्नागिरी' एवढी सही पाहून तिकडचे लोक पाकीट पुरतं उघडतही नसावेत. मग एका दुपारी मीच म्हटलं, "मास्तर, वर संस्थेचं नाव छापू या." मी कागदाच्या डोक्यावर नारळाचं झाड आणि दीपगृह काढलं आणि खाली ठसठशीत इंग्रजीत लिहिलं, 'रत्नागिरी स्लाव्ह-भाषा संशोधन मंडळ'. मास्तर आठवडाभर नाही म्हणत राहिले, मग परत आलेले दोन्ही लेख समोर ठेवून 'बरं' म्हणाले. छापखान्यातून शंभर कागद आले. लेख तोच, शब्दही न बदलता पाठवला. चार महिन्यांत स्वीकारल्याचं पत्र आलं, त्यात 'आपल्या मंडळाच्या कार्याबद्दल' आदर होता.

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. मग मला म्हणाले, "अहो ड्रॉइंग, खोटं छापलं की खरं पटतं, हे मुलांना कसं शिकवायचं?" मंडळाचे कागद मात्र पुढे अकरा वर्षं पुरले.

अकराव्या वर्षी मास्तरांचा मोठा प्रबंध पुरा झाला. जुन्या स्लाव्ह भाषेत दोन स्वर नाकातून म्हणत, ते कसे होते आणि कसे गेले, ह्यावर तो होता. मास्तरांचं म्हणणं, युरोपातल्या पंडितांना ते स्वर नीट कळलेच नाहीत, कारण ते थंडीने नाकं बंद असलेले लोक. आमच्या झाडगावात नाकातून बोलायला कोणाला शिकवावं लागत नाही. प्रबंध प्रागला गेला. तो छापायचा की नाही हे तिथले एक वृद्ध प्राध्यापक ठरवणार होते. निकालाऐवजी त्यांचं पत्रच आलं. ते व्याख्यानांसाठी कलकत्त्याला निघाले होते, वाटेत मुंबईहून बोटीने रत्नागिरीला येणार होते, आणि मंडळाची इमारत, ग्रंथालय व संशोधक पाहण्यास उत्सुक होते. पत्र हातात पडलं तेव्हा ते बोटीवर चढलेही होते.

मास्तर माळ्यावर पेट्यांमध्ये बसले होते. "येतील तेव्हा खरं सांगून टाकीन," ते म्हणाले. "मग ते प्रबंध परत देतील. लबाडाचा प्रबंध कोण छापील?" आवाज नेहमीचाच होता, पण हातातली 'क'ची चिठ्ठी त्यांनी 'ग'च्या पेटीत टाकली. मला ते बघवेना, म्हणून मी मूर्खपणा केला. गावातल्या मोठ्या वकिलांकडे जाऊन त्यांच्या कानावर सगळं घातलं.

वकील गावातल्या नऊ संस्थांचे अध्यक्ष होते आणि दहावीच्या शोधात असावेत. ते टुणकन उठलेच. "अहो, युरोपातला माणूस येतोय आणि गावात संस्था नाही? हा रत्नागिरीच्या अब्रूचा प्रश्न आहे!" दुसऱ्या दिवशी वाचनालयात सभा भरली. वकील अध्यक्ष झाले. उपाध्यक्षपदासाठी डॉक्टर आणि निवृत्त मामलेदार ह्यांच्यात बोलाचाली झाली, म्हणून दोन उपाध्यक्ष केले. नारळाचे एक व्यापारी खजिनदार झाले. स्लाव्ह म्हणजे काय, हे खजिनदारांनी हळूच विचारलं, तेव्हा दोन्ही उपाध्यक्षांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते वहीत वर्गणी मांडू लागले. मी चिटणीस झालो. घटना तयार झाली, आणि तिच्या दुरुस्तीसाठी एक उपसमितीही.

मग वकील म्हणाले, मंडळ अकरा वर्षांचं, तर अकरा वर्षांची इतिवृत्तं हवीत. ती मी तीन रात्री बसून वेगवेगळ्या शाईने लिहिली. चित्रकला शिकल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पुढच्या सभेला मास्तरांनाही बोलावलं. सगळ्यांनी पटापट सह्या केल्या. वही मास्तरांपुढे आली.

"जी सभा भरलीच नाही, तिला मी हजर कसा?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, हट्ट सोडा," वकील म्हणाले. "आता ही तुमची खाजगी बाब राहिली नाही."

"तुमचं बरोबर आहे. म्हणूनच मी सही करत नाही."

वकिलांनी घटनेचं चौथं कलम वाचून दाखवलं. ज्याची इतिवृत्तावर सही नाही तो सभासद नाही. कोणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही, मी शाईची दौत बंद करत होतो. मास्तर उठले, छत्री घेतली, आणि दारात थांबून म्हणाले, "माळ्यावरच्या पेट्या हव्या असतील तर न्या. त्या खऱ्या आहेत." अशा रीतीने रत्नागिरीत स्लाव्ह-भाषा संशोधन मंडळ स्थापन झालं, आणि स्लाव्ह भाषा जाणणारा एकुलता एक माणूस त्याच्या बाहेर राहिला.

पाहुणे शनिवारी आले. ठेंगणे, गोल, उन्हाने लालबुंद झालेले, बोट लागून पार गळून गेलेले. बंदरावरच तीन शहाळी प्याले. वाचनालयावर पाटी चढली होती. कपाटांतून वकिलांचे कायद्याचे ग्रंथ पाठ भिंतीकडे करून लावले होते. समोर चौदा पेट्या मांडल्या होत्या, त्यांवर झेंडूच्या माळा. वकिलांनी आर्यांच्या बंधुत्वावर पाऊण तास इंग्रजीत भाषण केलं. पाहुणे सभ्यपणे घाम पुसत होते. मग त्यांनी पिशवीतून प्रबंध काढला, मास्तरांचं नाव घेतलं आणि विचारलं, "हे कुठे आहेत?"

वकील जरासुद्धा अडखळले नाहीत. "ते आमचे एक हितचिंतक. प्रकृती बरी नसते. संशोधन सगळं मंडळाचं आहे. प्रत्यक्ष काम आमच्या चिटणीसांचं," असं म्हणून त्यांनी मला पाठीला हात लावून पुढे लोटलं. "हे अक्षर पाहा, ह्यांचंच आहे."

ते खोटं नव्हतं. पाहुण्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हाताऱ्याच्या. त्यांनी त्या जुन्या भाषेत काहीतरी एक वाक्य म्हटलं. मी मान हलवली. त्यांनी दुसरं म्हटलं. मी पुन्हा मान हलवली. मग त्यांनी प्रबंधाचं पहिलं पान उघडलं, मी स्वतः आठ दिवस खपून काढलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं, आणि वाचून दाखवा अशी खूण केली.

सगळी कार्यकारिणी माझ्याकडे पाहत होती. त्या वेळी मला जी लाज वाटली ती आजही तेवढीच वाटते, कारण क्षणभर मी खरंच विचार केला होता, की काहीतरी नाकातून म्हणून वेळ मारून न्यावी. "माझ्याबरोबर चला," मी म्हटलं आणि त्यांना घेऊन बाहेर पडलो. मागे वकिलांनी आभार मानायला सुरुवात केली होती.

शनिवार म्हणजे कासाराकडे पेटी फुटायचा वार. मास्तर ओट्यावर पेंढ्यात बसले होते, मांडीवर कागद. आम्हाला पाहून ते उठले, पगडी सारखी केली, आणि हात जोडून सावकाश इंग्रजीत म्हणाले, "महाराज, मंडळ नाही. कधीच नव्हतं. अकरा वर्षं मी आपल्याशी खोटं बोललो. प्रबंध परत घ्यायला मी तयार आहे."

पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मंडळ आहे हो. मी आत्ताच पाहून आलो. तुम्हीच नाही, असं मला सांगण्यात आलं."

मग ते तिथेच पेंढ्यात बसले. पुढचे तीन तास ते दोघं काय बोलले ते त्यांनाच ठाऊक. थोडं इंग्रजी, थोडं जर्मन, बरंचसं त्या मेलेल्या भाषेत. पाहुण्यांनी एक कागद उचलला आणि वाचता वाचता हसू लागले. त्यांच्याच गावची बातमी होती, नगराध्यक्ष बँडच्या तालावर चालत चालत नदीत पडल्याची. "हो का?" मास्तर म्हणाले. "हा कागद माझ्याकडेही आहे. पण मी त्यातली विभक्तीच पाहिली." पाहुणे त्यांच्याकडून एक स्वर पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते. बांगड्या भरायला आलेली मांडवीची एक म्हातारी वैतागून म्हणाली, "आवो, ह्येच्यात कठीण ता काय हाय?" आणि तिने तो स्वर असा काही नाकातून काढला, की पाहुण्यांनी घाईघाईने वही काढली. मास्तर हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

प्रबंध छापला गेला. खाली मास्तरांचं नाव आणि पुढे फक्त 'रत्नागिरी'. मंडळाचा उल्लेख नाही म्हणून आमच्या कार्यकारिणीने निषेधाचा ठराव केला. तो सुवाच्य अक्षरात मीच लिहिला.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मास्तर गेले. मंडळाने शोकसभा बोलावली, तर अडचण निघाली. घटनेप्रमाणे दुखवटा फक्त सभासदाचा. तासभर खल झाला. शेवटी वकिलांनी तोड काढली. आधी मास्तरांना एकमताने सभासद करून घेतलं, मग दोन मिनिटं उभं राहिलो. वहीत त्यांचं नाव मी सगळ्यांच्या शेवटी घातलं, खाली जागा नव्हती म्हणून कडेला, शेऱ्याच्या रकान्यात.

तेरावा झाल्यावर मी काकूंना भेटायला गेलो होतो. त्या पडवीत बसल्या होत्या. कोपरापर्यंत मोकळे झालेले ते हात त्यांनी पदराखाली घेतले होते. आळीत फार शांत वाटत होतं. तेवढ्यात कासार आला, पायरीशीच थांबला. काखेत चुरगळलेल्या कागदांचं गाठोडं होतं.

"वैनी," तो म्हणाला, "बांगडी आता नाय भरता येत मला. पन पेटी फुटली. कागद तेवढे ठेवून घ्या." आणि डोळे पुशीत निघून गेला.

काकूंनी गाठोडं सोडलं. पाण्याचा हात लावून एक एक कागद मांडीवर सपाट केला, नेहमीसारखा. मग एक माझ्यापुढे धरला.

"इतकी वर्षं ह्या कागदांवर झोपले मी," त्या म्हणाल्या, "पण विचारलं कधी नाही. काय हो, काय लिहिलंय ह्यात?"

मी स्लाव्ह-भाषा संशोधन मंडळाचा चिटणीस होतो. मी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि त्यांना परत दिला.